तिघे पुरेत, मग नाना पाटील सापडले का नाहीत?

१९४२ च्या लढ्याचा धडा शिकताना तुम्ही साताऱ्याच्या प्रतिसरकारविषयी वाचले असेल. ‘भूमिगतांनी पोलिसांना सतत चकवा दिला’ अशा अर्थाचे एखादे वाक्य त्यात असते. उत्तरपत्रिकेत ते लिहिले की गुण पदरात पडतात आणि आपण पुढच्या प्रश्नाकडे वळतो. मला मात्र वाटते की खरा प्रश्न तिथेच सुरू होतो. चकवा दिला म्हणजे नेमके काय झाले? बंदुका, तुरुंग, तारा, मोटारी हे सगळे ज्यांच्या हाताशी होते, त्यांना काही माणसे जवळजवळ चार वर्षे का सापडली नाहीत? ‘ती माणसे शूर होती’ हे उत्तर खोटे नाही. पण शूर माणसेही पकडली जातात. ‘पोलीस संख्येने कमी पडले’ हे उत्तर तर, पुढे दिसेल त्याप्रमाणे, चक्क गणिताच्या विरुद्ध जाते.

होय, गणिताच्या. पाठलाग आणि पलायन यांचे एक गणित आहे. ते मुख्यतः गेल्या पन्नासेक वर्षांत घडले आणि संगणकशास्त्रानेही ते उचलून धरले. त्याच्या सुरुवातीला बीजगणित लागत नाही, भूमितीची प्रमेयेही लागत नाहीत. वहीचे एक पान, चार खडे आणि एक सवंगडी एवढ्यावर काम भागते. असे असून ते आपल्या शाळांत कोणी शिकवत नाही. दुसरीकडे कुंडलसारख्या गावाचा इतिहास शिकवताना त्यातला गणिताचा प्रश्न कोणी विचारत नाही. या दोन्ही गोष्टी मला खटकतात, म्हणून हा लेख.

आधी गाव समजून घेऊ. कुंडल आज सांगली जिल्ह्याच्या पलूस तालुक्यात आहे. एका बाजूला सागरेश्वराचे डोंगर, दुसरीकडे कृष्णेचे खोरे, जवळच किर्लोस्करवाडी आणि पुणे-मिरज लोहमार्ग. १९४३ साली सांगली जिल्हाच नव्हता. भोवतालचा पुष्कळसा मुलूख ब्रिटिशांच्या सातारा जिल्ह्यात मोडे आणि कुंडल मात्र औंध संस्थानात होते. (सातारा जिल्ह्यातून दक्षिण सातारा १९४९ मध्ये वेगळा निघाला, त्याला सांगली हे नाव १९६० मध्ये मिळाले.) हे संस्थानाचे प्रकरण लक्षात ठेवा, पुढे लागेल. कुंडल हे प्रतिसरकारच्या मुख्य केंद्रांपैकी एक. जी. डी. बापू लाड आणि ‘कॅप्टन भाऊ’ म्हणून ओळखले जाणारे रामचंद्र लाड याच गावचे. प्रतिसरकारचे लढाऊ दल म्हणजे तुफान सेना, तीही १९४३ मध्ये येथेच उभी राहिली. चळवळीचे नेते क्रांतिसिंह नाना पाटील १९४२ मध्ये भूमिगत झाले आणि १९४६ मध्ये उघडपणे लोकांसमोर आले. मधल्या काळात ते पोलिसांच्या हाती एकदाही लागले नाहीत.

आता वही उघडा. गावातला प्रत्येक चौक म्हणजे एक ठिपका, आणि दोन चौकांना जोडणारी प्रत्येक गल्ली, पाणंद किंवा बांधावरची पायवाट म्हणजे एक रेघ. ठिपके आणि रेघा यांच्या अशा जाळ्याला गणितात ‘ग्राफ’ म्हणतात. वाट किती लांब आहे, वळणाची आहे की सरळ, हे आपण सोडून द्यायचे. फक्त कोणता चौक कोणत्या चौकाला जोडलेला आहे, एवढेच ठेवायचे. खेळाचे नियम असे: प्रथम शिपाई आपापले चौक निवडतात. मग पळणारा आपला चौक निवडतो. त्यानंतर पाळीपाळीने चाल. एका पाळीला शिपायांनी शेजारच्या चौकात सरकायचे किंवा जागीच थांबायचे, पुढच्या पाळीला पळणाऱ्याने तसेच करायचे. शिपाई आणि पळणारा एकाच चौकात आले की खेळ संपला. सगळ्यांना सगळे दिसत असते, बुद्धिबळासारखे. प्रश्न एकच: अमुक एका जाळ्यात पळणाऱ्याला हमखास धरायला कमीत कमी किती शिपाई लागतील?

वाट एकच आणि सरळ असेल तर एक शिपाई पुरे. तो एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे चालत जातो, आणि पळणारा टोकाला कोंडला जातो. सरळ वाटेचे हे मर्म तुफान सेनेला चांगले ठाऊक होते. फक्त तिथे पळणाऱ्याच्या जागी आगगाडी होती. ७ जून १९४३ रोजी शेणोलीजवळ त्यांनी पगाराची रक्कम नेणारी गाडी अडवली. पुढे रुळांवर दगड रचून गाडी थांबवली आणि ती उलटी पळू नये म्हणून मागेही दगड टाकले. रुळांवरच्या गाडीला पुढे आणि मागे याशिवाय तिसरी दिशा नसते. दोन ठिकाणे बंद केली की झाले. (कॅप्टन भाऊंना या प्रसंगासाठी ‘लूट’ हा शब्द मान्य नव्हता. पैसा भारतीयांचा होता, तो भारतीयांकडे परत आणला, असे त्यांचे म्हणणे.)

चार चौकांचे वर्तुळ काढा. एखाद्या वाड्याभोवती चार कोपरे आणि चार गल्ल्या असाव्यात तसे. येथे एकटा शिपाई जन्मभर पळत राहील. तो एक घर पुढे आला की पळणाराही एक घर पुढे जातो आणि नेहमी समोरच्या कोपऱ्यावर राहतो. दोन शिपाई असले की मात्र खेळ लगेच संपतो. याउलट ज्या जाळ्यात एकही फेरा नाही, म्हणजे एकदा फुटलेल्या वाटा पुन्हा कुठेही एकत्र येत नाहीत, अशा झाडासारख्या जाळ्यात कितीही फांद्या असल्या तरी एक शिपाई पुरतो. तो पळणाऱ्याच्या दिशेने एकेक पाऊल टाकत राहतो. मागे निसटायला दुसरी वाटच नसल्यामुळे पळणाऱ्याची मोकळी जागा दर पावलाला कमी होते.

मग एक शिपाई पुरेल अशी जाळी ओळखायची कशी? याचे उत्तर कागदावर खोडरबराने करून पाहता येते. एखाद्या चौकाला ‘कोपरा’ म्हणू, जर त्याच्या शेजारी असा दुसरा एखादा चौक असेल की तिथे शिपाई उभा राहिल्यास पहिल्या चौकातला माणूस थांबला काय किंवा कुठेही सरकला काय, पुढच्याच चालीला धरला जातो. असा कोपरा सापडला की तो त्याच्या रेघांसह खोडून टाका. उरलेल्या जाळ्यात पुन्हा कोपरा शोधा, पुन्हा खोडा. शेवटी एकच ठिपका उरला तर एक शिपाई पुरतो. मध्येच अडलात, तर पुरत नाही. वाड्याभोवतीच्या चौकोनात पहिल्याच पायरीला अडता, करून पाहा. ही गोष्ट फ्रान्समध्ये कीलिओ यांनी १९७८ मध्ये दाखवली आणि नोवाकोव्स्की व विंकलर यांनी स्वतंत्रपणे १९८३ मध्ये. एवढी साधी कसोटी सापडायला विसाव्या शतकाची अखेर उजाडावी लागली, याची मला नेहमी गंमत वाटते. वाघ-बकरीचा पट तर आपल्याकडे देवळांच्या फरशीवर कधीपासून कोरलेला आढळतो.

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. मोठे गाव घ्या, तालुका घ्या, हवा तर सगळा जिल्हा घ्या. हजारो चौक आणि हजारो वाटा. अट एवढीच की दोन वाटा एकमेकींना जिथे छेदतात तिथे चौक असला पाहिजे. एकीवरून दुसरी पुलाने जात नाही. १९४३ सालच्या शिवारातल्या पाणंदी, बांध आणि गाडीवाटा बहुतेक अशाच असणार. अशा जाळ्यात किती शिपाई लागतील? शंभर? चौकांच्या संख्येच्या निम्मे? आइग्नर आणि फ्रॉमे या दोन गणितज्ञांनी १९८४ मध्ये सिद्ध केले की तीन शिपाई नेहमी पुरतात. जाळे कितीही मोठे असो, तीनच.

यामागची युक्ती सांगण्याजोगी आहे. समजा, दोन ठिकाणांमधली सर्वांत जवळची वाट एका शिपायाच्या ताब्यात दिली. थोड्या चालींनंतर तो अशा जागी येऊ शकतो की पळणाऱ्याने त्या वाटेवर कुठेही पाऊल टाकले तरी पुढच्या चालीला तो धरला जाईल. कारण ती सर्वांत जवळची वाट आहे. एका जागेवरून दुसऱ्या जागेवर तिच्यापेक्षा लवकर पोचवणारी आडवाट पळणाऱ्याला मिळणारच नाही. तेव्हा एक शिपाई एक वाट राखतो, दुसरा दुसरी वाट राखतो, आणि पळणारा त्या दोन वाटांच्या मधल्या तुकड्यात अडकतो. तिसरा शिपाई त्या तुकड्यातून जाणारी नवी वाट ताब्यात घेतो. तुकडा लहान होतो. पहिल्या दोघांपैकी एकाची गरज संपते आणि तो पुढच्या वाटेसाठी मोकळा होतो. असे करत करत तुकडा संपतो.

दोघांत भागणार नाही का? काही ठिकाणी नाही. बारा पंचकोनी पृष्ठांचा घन तुम्ही पाहिला असेल. त्याचे वीस कोपरे आणि तीस कडा कागदावर सपाट पसरून काढता येतात. त्यात प्रत्येक चौकाला तीन वाटा आहेत, आणि तीन किंवा चार चौकांचा लहान फेरा कुठेच नाही. पळणारा एका चौकात उभा आहे. त्याच्या तीन वाटांपैकी दोन वाटा एकटा शिपाई एकाच वेळी अडवू शकत नाही. तसे जमले असते तर तिथे तीन किंवा चार चौकांचा फेरा तयार झाला असता. म्हणून दोन शिपाई फार तर दोन वाटा अडवतील, तिसरी मोकळीच राहील. पुढच्या चौकातही तेच, त्याच्या पुढेही तेच. पळणारा कायमचा सुटला. हा युक्तिवाद नववीच्या विद्यार्थ्याला समजायला काहीच हरकत नाही, आणि माझ्या मते पाठ्यपुस्तकातल्या कित्येक सिद्धतांपेक्षा तो अधिक देखणा आहे.

असो. तर सपाट मुलखात तिघे पुरतात. मग गोऱ्या सरकारच्या शेकडो शिपायांना नाना पाटील का सापडले नाहीत?

उत्तर नियमांच्या यादीतल्या एका वाक्यात दडले आहे, ज्यावरून तुमची नजर बहुधा घसरून गेली: सगळ्यांना सगळे दिसत असते. आइग्नर आणि फ्रॉमे यांच्या तीन शिपायांना पळणारा दर क्षणी दिसतो. सातारच्या फौजदाराला नाना पाटील कुठे आहेत हे ठाऊक नव्हते. हा एक नियम बदलला की सारे गणितच पालटते. किती पालटते ते पाहू.

अमेरिकेत गुहांमध्ये भटकणारे रिचर्ड ब्रीश यांनी १९६७ मध्ये एक प्रश्न मांडला होता. अंधाऱ्या, फाटे फुटलेल्या गुहेत एक माणूस हरवला आहे आणि तो आत इकडेतिकडे भटकतो आहे. त्याला नक्की शोधून काढायला किमान किती जणांची तुकडी लागेल? टी. डी. पार्सन्स या गणितज्ञाने १९७० च्या दशकात त्याचे गणित केले. येथे हरवलेला माणूस दिसत नाही, आणि तो वाटेल तितक्या वेगाने फिरू शकतो असे धरायचे. शोधणाऱ्यांना त्याचा माग नाही. ते फक्त एवढे म्हणू शकतात की अमुक वाट तपासून झाली, आता तिथे कोणी नाही. पण तपासलेल्या वाटेच्या तोंडावरून पहारा हलवला की कोणीतरी परत आत शिरले असण्याची शक्यता येते आणि ती वाट पुन्हा संशयित होते. विहिरीतला गाळ काढावा आणि बाजूने पुन्हा गढूळ पाणी शिरावे, तसे.

एक लहानसे गाव काढा. मधोमध चौक. त्यापासून तीन गल्ल्या निघतात. प्रत्येक गल्लीच्या टोकाला एक तिठा, आणि तिथून दोन बोळ फुटतात, जे पुढे बंद आहेत. एकूण दहा ठिपके, नऊ रेघा. फेरा एकही नाही. पळणारा दिसत असेल तर येथे एक शिपाई पुरतो, हे वर पाहिले. न दिसणाऱ्यासाठी दोघे तरी पुरतील का? दोघांनी मिळून पहिली गल्ली व तिचे दोन्ही बोळ तपासले आणि ते मधल्या चौकात आले. आता एकाला चौकात थांबणे भागच आहे. तो हलला तर तिसऱ्या गल्लीतला माणूस पहिल्या, तपासलेल्या भागात निसटेल. उरला एक. तो दुसऱ्या गल्लीत शिरला, तिठ्यावर आला. डावीकडच्या बोळात गेला तर उजवीकडचा माणूस मागून तिठ्यावर येणार. उजवीकडे गेला तर डावीकडचा. त्याला कधीच खात्री देता येणार नाही. तिसरा शिपाई हवाच.

पार्सन्स यांनी झाडासारख्या जाळ्यांसाठी याचा नेमका नियम सांगितला. त्याचा आपल्यापुरता अर्थ असा: अशा तीन गावांना एका नव्या चौकाशी जोडा, एकतीस ठिपके होतील, आणि चार शिपाई लागतील. त्या एकतीसच्या तीन प्रती पुन्हा एका चौकाशी जोडा. ठिपके चौऱ्याण्णव, शिपाई पाच. असे वाढतच जाते, वरची मर्यादा नाही. आणि पळणारा दिसत असेल तर या सगळ्या जाळ्यांत पुन्हा एकच शिपाई पुरे.

कोणी हुशार विद्यार्थी म्हणेल, तुम्ही दोन गोष्टी एकदम बदलल्या. पळणारा अदृश्य झाला आणि वेगवानही झाला. फरक कशामुळे पडला, हे कसे कळणार? शंका अगदी रास्त आहे. म्हणून वेग तसाच ठेवू आणि फक्त पडदा उचलू. पळणारा विजेसारखा धावतो, पण दिसतो. सीमूर आणि थॉमस यांनी १९९३ मध्ये अशाच खेळाचा अभ्यास केला. त्यांचे शिपाई हेलिकॉप्टरने हव्या त्या चौकात उतरू शकतात. झाडासारख्या जाळ्यात येथे दोन शिपाई पुरतात. एक जण चौकात पाय रोवून उभा राहतो. पळणारा कोणत्या फांदीत आहे ते दिसतेच, तेव्हा दुसरा त्या फांदीच्या पहिल्या चौकात उतरतो. मग मागचा मोकळा होतो आणि त्याच्या पुढे जातो. दहा ठिपके असोत की दहा लाख, दोघेच. म्हणजे शिपायांची संख्या फुगते ती मुख्यतः वेगामुळे नव्हे, न दिसण्यामुळे.

हे एकदा पटले की कुंडलचा इतिहास वेगळा दिसू लागतो. वाटांचे जाळे दोन्ही बाजूंना एकच होते; पाणंदी भूमिगतांनी बांधल्या नव्हत्या, कृष्णा त्यांनी वळवली नव्हती. वेगळे होते ते खबरेचे जाळे. फौजदार गावात शिरला की ती बातमी त्याच्या आधी पुढच्या वस्तीवर पोचत असे. भूमिगत मात्र कुणाच्या मळ्यात झोपला आहे ही बातमी चावडीपर्यंत पोचत नसे. म्हणजे एका पक्षाला पट दिसत होता आणि दुसऱ्याला नाही. आपल्या पहिल्या खेळात चौक हा नुसता ठिपका आहे. तो कुणाला जेवू घालत नाही, कुणाबद्दल मौन पाळत नाही. कुंडलचे चौक म्हणजे माणसे होती, आणि ती कुणाच्या तरी बाजूची होती.

हे जाळे दोन तऱ्हांनी राखले गेले, आणि दोन्ही सांगितल्या पाहिजेत. एक लोकांची आपुलकी. दुसरी धाक. पोलिसांना खबर देणाऱ्यांना प्रतिसरकार कठोर शिक्षा करी; ‘पत्री सरकार’ हे नाव तळपायांना केलेल्या शिक्षेवरून पडले असे सांगतात. खबऱ्या म्हणजे फौजदाराचा डोळा. तो मिटला की फौजदार पार्सन्सच्या गुहेत सापडला. आपुलकीचा वाटा किती आणि धाकाचा किती, हे गणित सांगू शकत नाही. ते काम इतिहासकारांचे. पण दोन्हींचा परिणाम जाळ्यावर एकच झाला, हे दाखवण्याचे काम गणित करते. कोणी गणिताने इतिहास उलगडला म्हणून टाळ्या पिटू लागला तर मी त्याला हेच सांगेन.

दृष्टी मुद्दाम भलतीकडे वळवण्याची कलाही यातच येते. नाना पाटलांच्या कन्या हौसाताई पाटील यांनी वृद्धपणी सांगितलेली हकीकत मोठी बोलकी आहे. भवानीनगरच्या पोलीस चौकीसमोर एका साथीदाराने त्यांचा दारुड्या नवरा बनून त्यांना मारहाण करण्याचे नाटक केले. भांडण सोडवायला पोलीस बाहेर आले, आणि तेवढ्यात इतरांनी चौकीतली हत्यारे उचलली. आपल्या पटावर हे कसे दाखवाल? शिपाई आपल्या मर्जीने चौक सोडून गेला, कारण त्याला जे दिसले ते खरे नव्हते.

उलट उदाहरणही घ्या, नाहीतर आपण आपल्याला सोयीचे तेवढेच पाहतो असे होईल. २४ जुलै १९४३ रोजी वसंतदादा पाटील आणि त्यांचे सहकारी सांगलीचा तुरुंग फोडून दिवसाढवळ्या बाहेर पडले. धाडस कुंडलकरांपेक्षा तिळभर कमी नव्हते. पण हा पाठलाग उघड्यावरचा होता. पळणारे दिसत होते. अण्णा पत्रावळे आणि बाबूराव जाधव मारले गेले, वसंतदादा गोळी लागून पुन्हा पकडले गेले. येथे आपल्या खेळाची आणखी एक उणीव ध्यानात येते. खेळात शिपायाला पळणाऱ्याच्या चौकात पोचावे लागते. गोळीला तशी गरज नसते. (काही चौक दुरूनही पकडता येईल असे खेळ गणितज्ञांनी पुढे तपासले आहेत, हे जाता जाता.)

आणि ते संस्थान? ब्रिटिश जिल्ह्याचे पोलीस वेगळे, औंधचे पोलीस वेगळे. हद्द मुलखातून वेडीवाकडी जात होती. चालणाऱ्याच्या पायांना ती जाणवत नसे, कागदाला जाणवे. काही रेघांवर पळणारा सहज जातो आणि शिपायाला मात्र परवानगीची वाट पाहावी लागते, असे जाळे काढून पाहा. औंधच्या हद्दीचा भूमिगतांना उपयोग झाला, हे या चळवळीवर लिहिणाऱ्यांनी नोंदवले आहे. खो-खो खेळणाऱ्यांना यात नवीन काही वाटणार नाही. तिथेही पाठलाग करणाऱ्याला उठल्यावर दिशा बदलता येत नाही आणि पळणारा मात्र बसलेल्यांच्या मधून हवा तिकडे वळतो. तेवढ्या एका नियमामुळे नऊ जणांना तिघांमागे घाम गाळावा लागतो.

शिक्षकांना माझे सांगणे आहे. गणिताच्या तासाला ‘हे कशाला उपयोगी?’ असा प्रश्न मुले विचारतात आणि आपण नफा-तोट्याकडे बोट दाखवतो. त्याऐवजी एक तास मैदानावर फक्कीने वीस चौकांचे जाळे आखा आणि मुलांनाच ठिपक्यांवर उभे करा. एकदा सर्वांचे डोळे उघडे ठेवून खेळा. दुसऱ्यांदा शिपायांना पाठ करून उभे करा आणि त्यांनी केवळ शेजारच्याने सांगितलेल्या खबरेवर चालावे, असा नियम करा. मग तिसऱ्यांदा काही ठिपक्यांना खोटे बोलायची मुभा द्या. आकडे मोजा, फळ्यावर लिहा. कोणते गृहीत बदलले की कोणते उत्तर बदलते, हे मुलांना कळले तर तो तास वाया गेला असे मी म्हणणार नाही. वर्षअखेरीस अभ्यासक्रम अपुरा राहील ही भीती मला ठाऊक आहे. एका तासाने तो अपुरा राहत नाही.

ज्यांच्या शाळेत संगणक आहे त्यांनी आणखी पुढे जावे. वीस चौकांच्या जाळ्यात शिपाई वीसपैकी एका ठिकाणी, पळणारा वीसपैकी एका ठिकाणी, आणि पाळी दोघांपैकी एकाची. एकूण स्थिती ८००. जिथे दोघे एका चौकात आहेत त्या स्थितींवर ‘पकडला’ अशी खूण करा. मग मागे मागे जा. शिपायाची पाळी असलेल्या स्थितीतून एक तरी चाल खूण केलेल्या स्थितीकडे नेत असेल, तर तिच्यावरही खूण. पळणाऱ्याची पाळी असेल आणि त्याच्या सगळ्या चाली खुणेच्या स्थितींकडे नेत असतील, तर तिच्यावरही खूण. नवीन खूण करण्याजोगे काही उरले नाही की थांबा. शिपायाची पाळी असलेल्या सर्व स्थितींवर खूण झाली असेल तर एक शिपाई पुरतो. दोन शिपायांसाठी स्थिती होतात १६,०००, तिघांसाठी ३,२०,०००. शिपाई वाढले की काम कसे अवाढव्य होत जाते, हे येथे डोळ्यांनी दिसते. पटावरच्या खेळांचे पूर्ण उत्तर संगणकाने काढायचे असते तेव्हाही बहुधा असेच शेवटाकडून मागे यावे लागते.

या विषयात सगळे झाले असेही नाही. पूल, बोगदे यांनी भरलेले, सपाट न काढता येणारे जाळे असेल तर तिघे पुरतीलच असे नाही. मग किती? फ्रेंच गणितज्ञ मेनिएल यांनी १९८५ मध्ये असे अनुमान केले की चौकांच्या संख्येच्या वर्गमुळाच्या एखाद्या ठरावीक पटीपेक्षा जास्त शिपाई कधीच लागणार नाहीत. दहा हजार चौक असतील तर शंभराच्या काही पट, एवढेच. हे अनुमान अजून कोणी सिद्ध केलेले नाही आणि खोटेही पाडलेले नाही. तुमच्या वयाच्या विद्यार्थ्याला प्रश्न तरी समजावा, असा अनिर्णित प्रश्न गणितात रोज भेटत नाही.

सांगली आणि सातारा जिल्ह्यांतल्या वाचकांसाठी एक वेगळे काम आहे, आणि ते लवकर करावे लागेल. हौसाताई २०२१ मध्ये गेल्या, कॅप्टन भाऊ २०२२ मध्ये. पण चिठ्ठी पोचवणारी, भाकरी नेऊन देणारी, ‘फौजदार आला’ एवढेच सांगायला धावत गेलेली तेव्हाची मुले आज नव्वदीच्या आसपास आहेत. काही अजून बोलतात, काहींच्या आठवणी त्यांच्या मुलासुनांना ठाऊक आहेत. गावाचा जुना नकाशा तलाठी कार्यालयात पाहायला मिळेल. त्यावर वाटा काळ्या शाईने काढा. मग आजी-आजोबांना विचारा: बातमी कोणत्या घरातून कोणत्या घरात जायची, कुणाच्या हातून, रात्री की पहाटे? त्या रेघा लाल शाईने काढा. काळ्या रेघा आणि लाल रेघा कुठे जुळतात, कुठे लाल रेघ वाट नसलेल्या ठिकाणाहून जाते, आणि कोणते घर वगळले तर लाल जाळ्याचे दोन तुकडे होतात, हे तपासा. ते घर कुणाचे होते, तेही खाली लिहून ठेवा.